वरच्याच्या गाडीला आभाळ

माझा दादा अठ्ठावीस वर्षं टॉवर क्रेन चालवत होता. मोठ्या इमारती बांधतात तिथे ती एका लांब हाताची क्रेन उभी असते ना, तिच्या मानेशी काचेची एक खोली असते, त्या खोलीत. सकाळी शिडीने चढायचं, डबा दोरीने वर ओढून घ्यायचा आणि संध्याकाळीच उतरायचं. साइटवरची माणसं त्याला 'वरचा' म्हणत. "वरच्याच्या मनात असेल तर आज स्लॅब होईल," असं कुणी म्हणालं की नवख्याला वाटे, काय देवभोळी माणसं आहेत.

त्या खोलीत पायाखालीही काच होती, त्यामुळे दादा माणसं टाळूवरून ओळखायचा. अजूनही मी गेले की चेहऱ्याआधी माझा भांग बघतो. "रुंद झाला गं," म्हणतो. सख्ख्या भावाशिवाय असं बोलायची कुणाची छाती आहे?

निवृत्त होऊन तो खाली आला आणि पंचाईत झाली. वीस वर्षांची निळी गाडी त्याने लेकरासारखी जपली होती, पण तिच्यात बसलं की दहा मिनिटांत त्याला घाम फुटायचा, जीव घुसमटायचा. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत. दादा म्हणायचा, "डोक्यावर पत्रा आला की मला बरणीत घातल्यासारखं होतं." बस, रेल्वे, सगळीकडे तीच तऱ्हा. साइटवर तो मोटरसायकलने जायचा, आता गुडघे तेही करू देईनात.

एरवी चालून गेलं असतं. पण त्याच्या मुलीला मुलगी झाली, ती चार तासांच्या अंतरावर. पाच महिने झाले तरी आजोबांनी नात फोनवरच पाहिलेली. दोनदा निघाले. दोन्ही वेळा शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावरून परत आले. दुसऱ्या वेळी वहिनीने खेळण्यांची पिशवी पुन्हा कपाटात ठेवली. माझी लेक तेव्हा तिथेच होती. तिने ते पाहिलं.

माझी लेक गाड्यांचं वायरिंग करते. तिला इंजिनिअर केलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर थंडगार ऑफिस होतं. ती मात्र दिवसभर लोकांच्या डॅशबोर्डखाली उताणी पडलेली असते आणि वर खूश असते. ती म्हणाली, "मामा, पत्रा नको ना? मग कापूनच टाकू. सरकती काच बसवते. बटण दाबलं की आभाळ."

मी लगेच धोके मोजायला लागले. छप्पर गळेल, कमजोर होईल, वायर तापून पेट घेईल. घरचे म्हणतात की काळजी संपली तर मी शेजारून वाटीभर मागून आणेन. दादाचं मात्र वेगळंच. त्याची एकच अट होती. "माझ्या हाताशी एक लाल बटण पाहिजे. दाबलं की सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे."

"मामा, ही गाडी आहे. क्रेन नाही."

"हलतंय ना काहीतरी? मग पाहिजे."

वाद घालण्यापेक्षा बटण बसवणं सोपं, असं म्हणून तिने त्याच्या सीटजवळ मुठीएवढं लाल बटण बसवलं. वहिनी त्याला टोमॅटो म्हणायला लागली.

काच आणि मोटर भंगारात निघालेल्या एका गाडीतून मिळाली. पत्र्याचं काम करणाऱ्याने छप्पर कापलं तेव्हा दादा शांतपणे बघत होता आणि मी गॅरेजच्या बाहेर जाऊन उभी राहिले. कापलेल्या कडेला त्या कारागिराने खालून जाड पट्टीची चौकट जोडली, काचेच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली उतरवायला चार नळ्या घातल्या. मग लेकीचं काम सुरू झालं. छतातल्या दिव्याची वायर तिथेच होती. मी म्हटलं, त्यातूनच घे की करंट, एवढी कशाला लांबून ओढतेस? तिने माझ्याकडे बघितलं. "दिव्याची वायर दिव्यापुरती, आई. मोटर लावली तर ती तापेल, आणि मग तुला आवडतं तसं सगळं होईल." तिने थेट बॅटरीपासून जाड वायर आणली, बॅटरीपाशीच फ्यूज घातला, समोरच्या काचेच्या कडेच्या खांबातून वायर वर छताच्या अस्तरामागे नेली. किल्ली फिरवल्याशिवाय मोटरला करंट मिळणार नाही अशी सोय केली. मी पाण्याची बादली भरून बाजूला ठेवली होती. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, असं तिने शिकवल्यावर मी ती ओतली आणि बादलीभर वाळू आणली. ती त्या बादलीवर पाय ठेवून काम करत राहिली.

शनिवारी सकाळी चाचणी. मी स्टिअरिंगपाशी, बोट काचेच्या बटणावर. दादा शेजारी. लेक बाहेर स्टुलावर. मी बटण दाबलं आणि काच गुरगुरत मागे सरकली. दादाच्या तोंडावर ऊन पडलं. त्याने मान मागे टाकली आणि इतका मोठा श्वास घेतला की मला हसू आलं. तेवढ्यात लेकीला काचेच्या रुळात राहिलेला एक स्क्रू दिसला. तो काढायला तिने हात आत घातला आणि म्हणाली, "आई, बंद कर."

तिला म्हणायचं होतं, किल्ली बंद कर. मी काच बंद केली.

काच तिच्या बोटांकडे निघाली. बटण सोडलं असतं तरी थांबली असती, पण घाबरले की हातात असेल ते मी घट्ट धरते. मी ते आणखी जोरात दाबलं. काच निघालीच होती, आणि दादाची मूठ टोमॅटोवर पडली.

काच थांबली. बोटांच्या दोन बोटं अलीकडे.

लेकीने हात बाहेर काढला, पाचही बोटं हलवून बघितली आणि मग तो स्क्रू मला दाखवला. मी रडायला लागले, ती हसायला लागली, मग मीही हसायला लागले. दादा तेवढा शांत होता. त्याने सांगितलं की साइटवर वायरलेसवर 'बंद' हा शब्दच चालत नसे. एकाला वाटतं काम थांबव, दुसऱ्याला वाटतं झाकण लाव, तिसऱ्याला वाटतं मशीन बिघडलं. "उघड, लाव, थांब," तो म्हणाला. "गाडीत चौथा शब्द नको." तेव्हापासून टोमॅटोची थट्टा बंद. म्हणजे थांबली.

पुढच्या रविवारी निघालो. लेक चालवायला, दादा पुढे सीट मागे टेकवून, मी आणि वहिनी मागे, खेळण्यांची पिशवी मांडीवर. काच उघडी. पेट्रोल पंप आला तसा वहिनीने माझा हात धरला. दादाने पंपाकडे पाहिलंच नाही. पलीकडे एका नव्या इमारतीवर क्रेन होती, ती त्याला छतातून दिसली. "हुक फार खाली ठेवलाय गाढवाने," एवढंच म्हणाला. पंप मागे गेला. वहिनीने हात सोडला नाही, पण पिळणं थांबवलं. अर्ध्या तासाने घोरण्याचा आवाज आला. दहा मिनिटं गाडीत बसू न शकणारा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. उन्हं चढली तशी मी विचारलं, काच लावायची का? वहिनी म्हणाली, "हात लावू नका. हे काळे झाले तर होऊ देत."

तीन जिने वर दादाच्या मुलीचं घर. गाडी बरोबर तिच्या बाल्कनीखाली थांबली. इंजिन थांबलं तरी तो जागा झाला नाही. वरून आवाज आला.

"बाबा, टक्कल फार वाढलंय रे तुझं. वरून चकाकतंय."

दादाने डोळे उघडले. छताच्या चौकटीत आभाळ होतं, बाल्कनीचा कठडा होता, मुलगी होती आणि तिच्या खांद्यावर एक इवलीशी, अजून केस न आलेली टाळू. तो बघत राहिला. ओळख पटायला त्याला वेळ लागला नाही.

मग त्याने गाडीच्या छतातून हात बाहेर काढला आणि साइटवर खालचा माणूस त्याला आयुष्यभर करत आला ती खूण केली. बोट जमिनीकडे, लहान लहान गोल. माल खाली, सावकाश.