आत्या रडेपर्यंत

ती घटना आठवली की आजही माझा हात टोपी सावरायला डोक्याकडे जातो. टोपी निवृत्तीबरोबर गेली, सवय मात्र खात्याने परत घेतली नाही.

नव्वदच्या दशकात मी सानपाड्याच्या बाजूला सब-इन्स्पेक्टर होतो. मे महिना संपत आला होता. एका दुपारी एसटीडी बूथचा मालक धापा टाकत ठाण्यात शिरला. काचेची केबिन त्याने गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी केली होती, पण बाहेरून काचेला कान लावून तोच बसायचा.

"साहेब, मर्डर! डबल! समोरच्या सोसायटीतल्या पोराने आत्ता गावाला आत्याला फोन केला. म्हणतो आई-बाबा गेले. मग म्हणतो, खून झाला. मग म्हणतो, मीच केला! आणि जाताना मला थँक्यू म्हणाला, साहेब."

स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदाराला घेऊन निघालो. मुलगा सोसायटीच्या जिन्यातच बसला होता. वय सतरा, बारावीच्या निकालाची वाट बघणारा, अंगाने काडी. सोसायटीने तोवर खटला चालवून त्याला फाशीही दिली होती. सेक्रेटरी म्हणाले, "मला डाऊट होताच. दिसेल त्याला वाकून नमस्कार करायचा. इतका चांगला मुलगा असतो का कुठे?"

घराची झडती घेतली. रक्ताचा थेंब नाही, कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या. शेजारीण म्हणाली, आदल्या संध्याकाळी नवरा-बायको टीव्हीची अँटेना फिरवायला गच्चीवर गेले होते, मग आरडाओरडा झाला. आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीजवळ एक चष्मा पडला होता. एक काडी मोडकी, दोऱ्याने बांधलेली. मी तो उचलायला वाकलो आणि वरून डोक्यात टणकन काहीतरी बसलं. टोपी उडाली. अँटेनाच्या दांड्यावर कावळ्याचं घरटं होतं, आणि कावळीण माझ्या हुद्द्याचा काही मुलाहिजा ठेवायला तयार नव्हती.

शिरवणे गावचा आमचा हवालदार टोपी झटकत म्हणाला, "साहेब, कावल्यानं पयला पंचनामा तुमचाच केला."

ठाण्यात चौकशी सुरू केली.

"कशाने मारलंस?"

"वरवंट्याने."

"तुमच्या घरात मिक्सर आहे. वरवंटा नाही."

त्याने विचार केला. "मग सुरीने."

"आणि प्रेतं?"

"खाडीत टाकली."

"नेलीस कशी?"

"बसने."

हवालदार तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात पळाला. असा नवशिका खुनी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या काळी सोळा पूर्ण झालेल्या मुलाला कायदा लहान मानत नसे. आई-बाप बेपत्ता, मुलगा स्वतःच कबुली देतोय आणि साक्षीला बूथवाला. वरिष्ठांनी फोनवर बजावलं, "उद्या दुपारपर्यंत काही निष्पन्न झालं नाही तर अटक दाखवा." एकदा खुनाच्या आरोपाखाली हे पोर अट्टल लोकांच्या कोठडीत गेलं की निर्दोष सुटूनही आयुष्यातून उठलं असतं. मला त्याची खरोखर काळजी वाटू लागली.

मी चहा मागवला, आवाज उतरवला. "खरं काय ते सांग, बाळ."

"सांगितलं तर वाईट होईल, साहेब."

"कोणाचं?"

"त्यांचं." मग त्याची नजर माझ्या कपाळावरच्या ओरखड्याकडे गेली. "साहेब, कावळा शिवला?"

"शिवला. का?"

त्याचा चेहरा उतरला. "तुमचं गावाला कोण असतं?"

मला वाटलं, पोरगा विषय बदलतोय.

सकाळी साताऱ्याकडून आत्या आली. दणकट बाई, हातात कापडी पिशवी, डोळे ठणठणीत कोरडे.

"भाऊ गेला, भावजय गेली. लई वाईट झालं. पर खरं सांगते साहेब, ह्यांच्या वास्तुशांतीला मला मानाची साडी मिळाली न्हाई. दिली ती असली, की खिडकीला लावली तर खिडकी लाजंल. तवापास्नं ह्या घराची पायरी चढले न्हाई मी."

बाकावरून मुलगा कळवळून म्हणाला, "आत्या, रड ना गं."

"मुडद्या! आईबाप मारून वर मला रड म्हंतोस?"

"थोडं तरी."

ओळख पटवण्यासाठी मी चष्मा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट केला. अंगठा त्या बांधलेल्या दोऱ्यावर थांबला. "शाळंत असताना काडी मोडायचा, आन् मी बांधून द्यायची. येडा अजून तश्शीच गाठ मारतोय." मग तिने असा हंबरडा फोडला की कोठडीतला पाकीटमारसुद्धा उठून उभा राहिला.

मुलाने बाकावरून उडीच मारली. "रडली! साहेब, रडली! आता सांगतो. ते इथे जवळच तळवली गावात आहेत, बाबांच्या मित्राकडे!"

कावळा डोक्याला शिवला की मरणाचं अरिष्ट येतं, अशी समजूत आपल्याकडे आहे. त्यावर उपाय म्हणजे बाहेरगावच्या नातलगाला मरणाची खोटी बातमी द्यायची. तो रडला की अरिष्ट टळलं. त्याआधी खरं फुटलं तर उपाय फुकट. गच्चीवर कावळा दोघांनाही शिवला होता. आईने सगळं ठरवलं. वडील नाही-नाही म्हणत तिच्या मागून तळवलीला जाऊन लपले. फोन मुलावर सोपवला, पण मरणाचं कारण काय सांगायचं ते ठरवायचं राहून गेलं.

"अरे, हार्ट अटॅक म्हणायचं!" मी ओरडलो.

"दोघांना एकदम?"

"बरं, खून म्हणालास. मग स्वतःचं नाव कशाला घेतलंस?"

"दुसऱ्या कोणाचं घेतलं असतं तर तुम्ही त्याला धरलं असतं ना, साहेब."

मी माझा चहा त्याच्यापुढे सरकवला.

जीप पाठवून मेलेल्या मंडळींना तळवलीहून आणलं. तिथे त्यांचा खाडीतल्या ताज्या निवट्या मासळीच्या कालवणाचा बेत चालू होता. आत्याने भावाला आधी पिशवीने बडवलं, मग उराशी धरलं. भावजयीकडे बघून म्हणाली, "साडीचं मागनं बघू." मी आई-बापाला चांगलं झापलं, बूथवाल्याला समज दिली आणि डायरीत गैरसमजाची खबर म्हणून नोंद मिटवली.

कबुली मिळाली की तपास संपला असं समजणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. दुसऱ्याला वाचवायला तो त्याहून धडधडीत खोटं बोलतो, हे मला त्या पोराने शिकवलं.

निघताना तो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं राहिलंय. घरातलं माणूस चालत नाही. बाहेरगावचं लागतं."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण दिवसभर एकच मनात घोळत राहिलं, की आपल्यासाठी बाहेरगावचं कोण रडेल? नोकरीच्या नादात सांगलीच्या थोरल्या भावाला भेटून वर्षं लोटली होती. संध्याकाळी त्याच बूथवरून फोन लावला. खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, "दादा, डोक्याला कावळा शिवला." तेवढ्यात लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्याच्या दारात पिशवी घेऊन उभा होता. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "म्हटलं, तिकडं बसून रडण्यापेक्षा येऊनच बघावं." आणि तिथेच, हवालदारासमोर, माझे डोळे भरून आले.