क्रोशाच्या रुमालाखाली

वणीजवळच्या एका कोळसा डेपोवर मी वजनकाट्याचं काम बघतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा थरथरत स्थिर होतो, मी पावती काढून खिडकीतून देतो, गाडी उतरते. मग पुढची गाडी येईपर्यंत काहीच नसतं. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. त्या रिकाम्या वेळात मी जे करत होतो ते मला लिहायचं आहे. बायकोला ते मी तोंडी सांगितलं. मुलीला सांगावं लागलं नाही. तिनं मला पकडलं.

मुलगी तेव्हा नुकतीच सहावीत गेली होती. बायको सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, तिला यायला आठ वाजतात. मी साडेसातला पोचतो. म्हणजे साडेचारपासून पोरगी घरात एकटी. तिला सोबत म्हणून मी आवाजावर चालणारा तो स्पीकर आणला आणि बैठकीतल्या शोकेसवर ठेवला. तो पाढे म्हणायचा, गोष्टी सांगायचा. पोरीचं घरातलं बोलणं त्याला कळत नसे, म्हणून ती त्याच्याशी शाळेत साहेब आल्यावर बोलतात तसं पुस्तकी बोलायची आणि मग आमच्याकडे बघून हसायची.

बायको त्याला डबडं म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "हे आपलं बोलणं दिवसभर आयकते नं?"

"नाव घेतल्याशिवाय नाही ऐकत," मी म्हटलं.

"अन् नाव घेतलं का नाही, हे समजाले तर आयकावंच लागत असन की."

मी हसलो. तिकडे कंपनी ऐकते की नाही, मला आजही माहीत नाही. मी ऐकत होतो, एवढं मला माहीत आहे.

झालं असं, की फोनवरून त्या स्पीकरची लाइन उघडता येते हे मला कळलं. पहिल्यांदा उघडली तेव्हा स्पीकरमधून टुंग असा आवाज झाला असावा आणि हिरवा दिवा लागला असावा, कारण पोरगी दचकून म्हणाली, "बाबा? कुठून बोलून राह्यले तुम्ही?" आम्ही दोघं खूप हसलो. पण नंतर दोन-तीन वेळा लाइन उघडली, तर ती जागेवरच उभी राहून "हो बाबा, नाही बाबा" करू लागली. मला ते नको होतं. मला ती नेहमीसारखी हवी होती. मग मी फोनवरूनच आधी स्पीकरचा आवाज शून्यावर आणायला शिकलो, आणि दिवा दिसू नये म्हणून बायकोनं विणलेला क्रोशाचा रुमाल त्याच्यावर टाकला. "धूळ बसते," असं घरात सांगितलं. बायको झाडताना रुमाल घडी करून बाजूला ठेवायची. मी परत टाकायचो.

काळजी म्हणून करतो, असं मी स्वतःला सांगत होतो. पहिला आठवडा ते खरंही होतं.

कानात इअरफोन, समोर काळी धूळ, आणि कानात माझं घर. पंख्याची एक पाती लागते त्याचा टकटक आवाज. मोरीतला थेंब. तिच्या चपला. ती तक्क्यांना ओळीनं बसवून शिकवायची. एकदा तिनं माझी नक्कल केली. खाकरली आणि जाड आवाजात म्हणाली, "मी काय म्हणतो, जेवण झालं का सगळ्यांचं?" मी काटाघरात एकटाच हसलो आणि लगेच अंगावर काटा आला. त्या घरात माझा आवाज होता आणि मी नव्हतो. मेलेल्या माणसाला आपलं घर असंच ऐकू येत असावं.

तरी मी थांबलो नाही.

आमच्यापासून चार घरं सोडून माझा डेपोवरचा सोबती राहतो. गाड्या भरून घेण्याचं काम त्याच्याकडे आहे. त्याची मुलगी आणि माझी मुलगी बालवाडीपासून एका बाकावर. पाचवीत दोघींनी निवासी शाळेच्या प्रवेशाची परीक्षा दिली होती. माझ्या पोरीचा नंबर लागणार नव्हता, लागलाही नाही. त्याची मात्र वर्गात पहिली येणारी. तिचाही लागला नाही. उन्हाळाभर तो माणूस मान खाली घालून फिरला.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी लाइन उघडली तर त्याच्या मुलीचा आवाज आला.

"कोणाले सांगशील नाही नं?"

"नाही व. सांग तं."

"आईची शपथ घे."

"घेतली. सांग."

"मी नापास नाही झाली. मले सगळं येत होतं. उत्तराच्या कागदावरचे शेवटचे वीस गोल मी रंगवलेच नाही. मुद्दाम. काहून की..."

तेवढ्यात खिडकीवर थाप पडली. "ओ काटेवाले भाऊ, झोपले का?" गाडी काट्यावर येऊन उभी होती आणि मला ती दिसलीही नव्हती. मी इअरफोन काढला. आकडा, पावती, सही. मागे आणखी दोन गाड्या होत्या. पुन्हा इअरफोन लावला तेव्हा त्या दोघी कसल्या तरी गोष्टीवर खिदळत होत्या.

आठवडाभर ते माझ्या पोटात राहिलं. मग एक दिवस चहा घेताना सोबती म्हणाला, "माझी पोट्टी डोक्यानं कमीच निघाली भाऊ. मीच उगा उड्या मारून राह्यलतो."

मला त्याची फार दया आली. खरंच आली. मी म्हटलं, "कमी नाही रे तुझी पोरगी. तिनं मुद्दाम सोडले वीस गोल."

त्यानं कप खाली ठेवला. "तुले कोणं सांगितलं?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. मी म्हटलं, "माझ्या पोरीनं."

दोन शब्द. ते बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दारात खुर्ची टाकून नखं कापत होतो. ती मुलगी आली. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ माझ्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"काहून सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"आता भोळी नको बनू. बाबा म्हणे, तुझ्या मैत्रिणीनंच सांगितलं."

"मी कोणालेच नाही सांगितलं. आईची शपथ."

"तेव्हाही तू आईचीच शपथ घेतलती."

माझी मुलगी रडायला लागली. "बाबा, सांगा नं हिले. मी तुम्हाले काही सांगितलं का?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. दहा-अकरा वर्षांच्या दोन पोरी. मी नखं कापायचा थांबलो नाही. म्हणालो, "जाऊ द्या आता. भांडू नका."

ती मुलगी गेली. पोळा झाल्यावर तिच्या बापानं धावपळ करून तिला अमरावतीला एका वसतिगृहाच्या शाळेत घातलं. "डोकं आहे तर वाया काहून जाऊ द्यायचं," तो मला म्हणाला आणि माझे आभार मानले. ती निघाली तेव्हा माझी मुलगी फाटकापर्यंत गेली होती. ऑटो तिच्यासमोरून न थांबता गेला.

त्यानंतर घर शांत झालं. शाळेत इतर पोरींनी माझ्या मुलीला चुगलीखोर ठरवलं, हे बायकोला कुणीतरी सांगितलं. पोरगी एकटी असतानाही बोलेनाशी झाली. तक्क्यांचा वर्ग बंद पडला. मी काट्यावर बसून पंख्याची टकटक ऐकत असे. घंटा-घंटाभर तेवढंच.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसल्या. आमच्याकडे कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत खिरापत कोणती आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. दरवर्षी आमच्या बैठकीत दहा-बारा पोरी असायच्या. या वर्षी मागच्या गल्लीतल्या दोन लहान मुली तेवढ्या आल्या. मी कामावरून येऊन हातपाय धुऊन त्यांच्यात बसत असे. पोरीला बरं वाटावं म्हणून. आणि मी खिरापत ओळखत असे. डाळवा, खोबरं-साखर, एकदा केळीचे काप. बायको सकाळी डबा भरून ठेवायची, पोरगी शाळेतून आल्यावर झाकण उघडून स्वतःशीच पुटपुटायची, आणि मी ऐकलेलं असायचं. लहानग्या टाळ्या पिटायच्या. "काकाजी तं जादूगार आहेत!" मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

एक दिवस पाचच्या सुमारास लाइन उघडली आणि पोरीचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा, मोठा, स्पष्ट ऐकू आला होता.

"बाप्पा! आज खिरापतीले अनारसे!"

मला इतका आनंद झाला की पुढच्या ड्रायव्हरला मी उगाच "काय म्हणते भाऊ, चहा घेतला का?" विचारलं.

संध्याकाळी गाणी झाली. मुलीनं डबा हातात घेतला. लहानग्यांनी चिवडा म्हटलं, पेढे म्हटलं. मुलगी म्हणाली, "तुम्ही सांगा बाबा."

मी डोळे मिटून कपाळावर बोट टेकवलं, नेहमीचं नाटक केलं, आणि म्हणालो, "अनारसे."

तिनं झाकण काढलं. आत मुरमुरे आणि फुटाणे होते.

"काकाजी हारले! काकाजी हारले!" लहानग्या नाचायला लागल्या. माझी मुलगी हसली नाही. डबा मांडीवर धरून तिनं विचारलं, "अनारसे कसे काय सुचले बाबा? दिवाळी तं दूर आहे."

मुली खिरापत घेऊन गेल्या. तिनं शोकेसजवळ जाऊन रुमाल उचलला, नीट चौघडी केली आणि माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी आम्ही दोघीच होतो घरात," ती म्हणाली. "तिनं नाही सांगितलं. मी नाही सांगितलं. मंग कोण उरलं?"

मी रुमाल मांडीवर ठेवला.

"आई रुमाल काढून ठेवते. तुम्ही परत टाकता. मी गंज दिवस पाहून राह्यली." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "पुढचं आयकलं का तुम्ही? तिनं काहून सोडले गोल, ते?"

"नाही. गाडी आली होती."

"खरं?"

"खरं."

"मंग बरं. मी सांगणार नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "तिच्या बाबाले सांगा, मी नव्हतं सांगितलं म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो.

बायको आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं युनिफॉर्मही बदलला नव्हता. स्पीकरची वायर काढून तिनं तो खोक्यात घातला. मला एवढंच म्हणाली, "तुम्ही दारात बसून नखं कापत होते." त्याहून जास्त ती आजवर बोलली नाही.

सोबत्याला मात्र मी सांगितलं नाही. उद्या सांगू, आज तो घाईत आहे, आज साहेब आले आहेत. रोज तो काट्याच्या खिडकीतून हात करायचा. घरी गेलो की पोरगी माझ्या तोंडाकडे बघायची. पहिले चार दिवस तिनं विचारलं, "सांगितलं?" मग विचारणं सोडलं. कोजागिरी झाली. मातीच्या भुलाबाईला तिनं एकटीनंच निरोप दिला. ती आता आमच्याशी बोलतानाही आधी शोकेसच्या रिकाम्या जागेकडे बघायची. ती कशी बसते, कुठे थांबते, काय गिळते, हे मला नको असतानाही दिसू लागलं. आणि काट्यावर इअरफोन न लावताही मला पंख्याची टकटक ऐकू यायची. अजून येते.

दिवाळीला ती मुलगी अमरावतीहून आली. बॅग घेऊन आमच्या फाटकावरून गेली. माझी मुलगी अंगणात रांगोळी काढत होती. तिनं मान वर केली, मैत्रीण गेल्यावर खाली घातली, आणि चिमटीतला रंग तसाच धरून बसली. तेव्हा मी उठलो. पाडव्याच्या दिवशी फराळाचं ताट भरून मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "चल."

सोबती ओट्यावर बसला होता. त्याची मुलगी आतल्या दाराशी उभी होती. मी उभ्यानंच बोललो. डेपोतून फोनवर घरातलं ऐकत होतो. पोरीनं मला काही सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो.

"म्हणजे पोरींचं बोलणं... तू? काट्यावर बसून?"

"हो."

"थू," तो म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काही आलं. "आयकलंच होतं तं पुढचं सांग. काहून सोडला तिनं पेपर? विचारून विचारून थकलो मी. तोंड उघडत नाही."

"मला नाही माहीत. तेवढ्यात गाडी आली."

"खोटं बोलते बे."

"खरंच नाही माहीत."

तो माझ्या मुलीकडे वळला. आवाज एकदम मऊ केला. "तुले तं माहीत आहे नं माय? सांग मले. मी रागावत नाही कोणाले."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. मीच त्याला तिच्यापर्यंत आणून सोडलं होतं. मुलीनं ताटाची कड घट्ट धरली होती. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. "तिला विचारू नको."

"कोणाले काय विचारायचं, हे तू सांगशील मले?"

"हो. तिला विचारायचं नाही."

आत कुकरची शिट्टी झाली. माझ्या पाठीमागून मुलगी म्हणाली, "मले काही माहीत नाही काकाजी."

हे खोटं होतं, आणि तिथल्या चौघांनाही ते माहीत होतं. आतल्या दाराशी उभी असलेली मुलगी पुढे आली. तिनं माझ्या मुलीच्या हातातलं ताट घेऊन ओट्यावर ठेवलं, तिचं मनगट धरलं, आणि तिला घेऊन घराच्या मागे गेली.

सोबत्यानं मला बस म्हटलं नाही. मी तिथेच उभा होतो. मागच्या बाजूनं कुजबुज यायला लागली आणि माझा कान आपोआप तिकडे वळला. एक-दोन शब्द नीट ऐकूही आले.

मी चप्पल घातली आणि हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. दिवाळीतही गाड्या चालू होत्या. चंद्रपूरकडे जाणाऱ्या रिकाम्या ट्रकांचा खडखडाट कानात भरेपर्यंत मी तिथे उभा राहिलो.