सईचा पहिला अर्ज

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही, दर शनिवारी ज्यांच्याबरोबर बॅडमिंटन खेळतो त्या तिघांनाही नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरे आहे.

तसा मी बोलका माणूस. मूळचा पुण्याचा, म्हणजे ज्यावर मत नाही असा विषय नाही. आता डब्लिनच्या कडेला टॅला नावाच्या गावात राहतो आणि औषधांच्या कारखान्यात नोंदी तपासतो. कागदावर कुणी आकडा गिरवलेला दिसला की माझं डोकं फिरतं. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खोडरबर घेऊन आत यायचंच नाही! नव्याने लागलेल्यांना हे मी अगदी तावातावाने शिकवतो.

दोन हजार सोळा साल. आमची मुलगी सई तेव्हा पाच वर्षांची. तिला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी आदल्या वर्षी सांगितलं होतं. अशा मुलांना घरी सांभाळणाऱ्या पालकांना इथं सरकारकडून भत्ता मिळतो आणि त्याचा हा लांबलचक फॉर्म असतो. मूल खातं कसं, झोपतं कसं, इतर मुलांपेक्षा त्याच्याकडे किती जास्त बघावं लागतं — सगळं पालकाने लिहायचं. माझ्या बायकोने, शलाकाने, तो पेन्सिलने भरला. आपली शाळेपासूनची सवय, आधी रफ, मग फेअर. फेअर करायचं माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं, आणि इंग्रजीची मिजास त्याहून मोठी.

मी काळं पेन घेऊन बसलो आणि —

थांबा, आधी आईचं सांगतो. आई फोनवर नेहमी म्हणायची, घरात अभद्र बोलू नये रे, वास्तू तथास्तु म्हणते. ‘आपल्याकडे सगळे उशिराच बोलले, तूसुद्धा!’ हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. आईने काही माझा हात धरला नव्हता. पण बायकोच्या अक्षरात ‘बोलत नाही’ असं वाचलं आणि मला ते गिरवता येईना. मी लिहिलं, ‘बोलायला शिकते आहे.’ खाली होतं, ‘हात सुटला तर रस्त्यावर धावते, गाडी तिला दिसतच नाही.’ मी लिहिलं, ‘बाहेर थोडं लक्ष ठेवावं लागतं.’ दिवसातून सात-आठ वेळा कपडे बदलावे लागतात, त्याचं मी ‘कधीकधी’ केलं. एकेक ओळ करत बारा पानं अशीच. मग खोडरबराने खालची पेन्सिल पुसली. भुगा फुंकला.

आणि मला बरं वाटलं, हो! माझी मुलगी कागदावर किती छान झाली होती.

शलाकाने सही केली ती न वाचता. सई तिचा कुर्ता ओढत होती, आणि नवऱ्याने फेअर केलेलं कोण कशाला तपासेल?

काही महिन्यांनी नकार आला. मुलीला तिच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा फार जास्त देखभाल लागते असं दिसत नाही, एवढंच पत्रात होतं. शलाका ते घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, “त्यांना वाटतंय मी वाढवून सांगतेय.”

तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? दातखीळ बसली होती? मी सरकारला चार शिव्या हासडल्या. ह्यांच्या नानाची टांग, अपील कर, म्हटलं. वर तिला चहा करून दिला.

तिने अपील केलं. ते रखडलं. मधल्या काळात शाळेचा नवा अहवाल आला, सईचं काही बाबतींत अवघड होत चाललं होतं. शलाका गावातल्या सल्ला केंद्रात गेली. तिथं ब्रीड नावाची एक वयस्क बाई बसायची. ती म्हणाली, अपील राहू दे तिकडे चालू, तू नवा अर्ज टाक, एकाने दुसरं अडत नाही, यू आर ग्रँड, लव्ह, म्हणजे काही काळजी करू नकोस. शलाकाला ते खरंच वाटेना. आपल्याकडे एक प्रकरण साहेबांच्या टेबलावर असताना दुसरं पुढे केलं तर साहेब खवळतो. मीही म्हटलं, दोन दगडांवर पाय कशाला? पण तिने या वेळी माझं ऐकलं नाही. पेन्सिलही घेतली नाही. सई शाळेत असताना सहा दुपारी बसून तिने थेट पेनने लिहिलं, वर जादा पानं जोडली. माझ्याकडे फक्त पाकीट पोस्टात टाकायला दिलं.

पोस्टासमोर गाडी लावली आणि मी ते उघडून वाचलं.

काय सांगू तुम्हाला! हात धुतल्यावर गरम हवा मारणारं ते मशीन सईला सहन होत नाही, म्हणून टॅल्यात कुठल्या दुकानाच्या टॉयलेटात कागदी रुमाल आहेत, त्याची शलाकाकडे यादी होती. ट्राम दिसायच्या आधीच सई ट्रामच्या सुरात गुणगुणते, तो सूर कुठल्या पट्टीपर्यंत गेला की सईच्या कानांवर हात ठेवायचे, ते होतं. वरणाचा थेंब भाताला लागला तर दिवसभर ती जेवत नाही. आणि मग हे — ‘तिला लागलं तर ती रडत नाही, हसते. म्हणून रोज आंघोळीच्या वेळी मी तिचं सगळं अंग तपासते.’

आमची सई पडली तरी हसते! हे मी लोकांना कौतुकाने सांगायचो हो. भारी गोड पोरगी, म्हणायचो.

शेवटी, आणखी काही सांगायचंय का, असा रकाना होता. तिथं तिने लिहिलं होतं, ‘ती घरात कुठे आहे हे मला न बघता कळतं. हे मला कुणी शिकवलं नाही.’

अकरा वर्षं ज्या बाईबरोबर राहतोय, ती काय ताकदीची आहे, हे मला एका सरकारी फॉर्मवरून कळलं. आणि मुलगीसुद्धा — माझी स्वतःची मुलगी त्या पानांवर मला पहिल्यांदा भेटली. मी पाकीट पुन्हा चिकटवून पोस्टात टाकलं. आजही ती पानं आठवली की हात जोडावेसे वाटतात.

मग मी घरी जाऊन सगळं कबूल केलं असेल, नाही? छे.

नवा अर्ज मंजूर झाला, पण भत्ता नव्या अर्जाच्या तारखेपासून पुढचाच. जुनं अपील उभंच होतं. शलाका म्हणाली, “फाइलची प्रत मागवता येते म्हणे. मी असं काय लिहिलं होतं की त्यांना पटलं नाही, ते बघायचंय मला.” त्या प्रतीत माझ्या हातची बारा पानं असणार. म्हटलं, मिळालंय ना आता? उकरून कशाला काढायचं?

“मिळण्यासाठी नाही रे. ‘आमचं चुकलं’ एवढं त्यांनी म्हणायला हवंय.”

मग मी तिला घाबरवलं. अपीलवाले चिडून नवंही काढून घेतील, म्हटलं. असं काही होत नसतं, हे ब्रीडने मलासुद्धा समजावून सांगितलं होतं. मला पक्कं माहीत होतं. तरी आठवडाभर, रोज, सईचं नाव घेऊन घेऊन मी शलाकाला घाबरवत राहिलो. तिने अपील मागे घेतलं.

आता दोन हजार एकोणीस. नव्याने आलेल्या आया फॉर्म घेऊन आमच्याकडे येतात. आपल्या येतात, केरळच्या येतात, परवा एक पोलिश आली होती. शलाका प्रत्येकीला शेजारी बसवून घेते. पहिल्यांदा नकार आला तर खचू नका, म्हणते. “माझाही आला होता, पण चूक माझीच होती, पहिल्या अर्जात मला सईबद्दल नीट लिहिताच आलं नव्हतं.”

तिने नीट लिहिलं होतं. पहिल्याच अर्जात तिने सगळं नीट लिहिलं होतं.