डावखुरं घोडदळ

एका जुन्या लढाईचं चित्र मी उलटं करून संग्रहालयाला पाठवलं. वर भांडायलाही गेलो.

चित्र भिंगारच्या सलीमभाईंचं. युरोपातलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एचिंग, म्हणजे छापलेलं चित्र. घोडेस्वारांची झुंज, धूर, कोसळलेले घोडे. त्यांचे आजोबा कॅम्पात खोगिरं शिवायचे. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने त्यांना दिलेलं. घरचे त्याला कॅलेंडरचा कागद म्हणत. संग्रहालयाने घेतलं तर खाली आजोबांचं नाव लागणार होतं. सलीमभाईंना तेवढंच हवं होतं.

संग्रहालयाने आधी फोटो मागितला. मी काढला. बघतो तर सगळ्या तलवारी डाव्या हातात! आमच्या फोटो स्टुडिओत रोज सेल्फी येतात, पदर उजव्या खांद्यावर गेलेले. आम्ही फ्लिप करतो, म्हणजे आरशासारखं उलटवतो. हात शिवशिवले. फ्लिप केलं. मग खालची सही उलटी दिसायला लागली. ती फोटोतून पुसून टाकली.

उत्तर आलं: ‘नंतरची नक्कल. स्वीकारता येत नाही.’

“जाऊ द्या भाऊ,” सलीमभाई म्हणाले, “घरचे म्हणतात तेच खरं.”

“जाऊ द्या कसं? चित्र घ्या, चला!”

संग्रहालयाच्या मॅडमपुढे मी टेबलावर हात आपटला. “खोगीर शिवणाऱ्याच्या घरात अस्सल वस्तू असूच शकत नाही, असंच ना?”

“आवाज खाली.” त्यांनी स्क्रीनवर याच चित्राचा अस्सल छाप दाखवला. सगळे स्वार डावखुरे.

मग समजावलं. एचिंग म्हणजे मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र काढायचं, ॲसिडने रेघा खोदायच्या, शाई भरून कागदावर दाबायचं. छाप उलटा पडतो. उजवा हात डावा होतो. सही तेवढी चित्रकार पत्र्यावर उलटी कोरतो, म्हणून ती सरळ उमटते. नक्कल करणारा छाप बघून पत्र्यावर जसंच्या तसं काढतो. त्याचा छाप पुन्हा उलटतो.

“तुमच्या फोटोत स्वार उजवे, सही गायब. मी काय समजायचं?”

माझे कान तापले. राग मात्र गेला नाही, अजूनही नाही. “फोटो मी बिघडवला, कबूल. पण नक्कल ठरवण्याआधी कागद मागवायला काय झालं होतं?”

सलीमभाईंनी फडक्यातून चित्र काढून पुढे ठेवलं. मॅडमनी भिंग लावलं, कागदावर पत्र्याच्या कडेचा वळ बोटाने चाचपला. मग पेन उचललं.

“आजोबांचं पूर्ण नाव सांगा.”

यातून शिकलो ते इतकंच: दुसऱ्याची चूक सुधारण्याआधी ती चूक आहे का, हे विचारावं.

जिना उतरताना सलीमभाईंनी खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, भांडायला पुन्हा तुम्हालाच नेईन. फोटो मात्र दुसऱ्याकडून काढीन.”