मी न कसलेली तीन एकर

“मास्तर, तुझ्या नावावर एक गुंठा तरी हाय का? मग तो व्हिसाचा गोरा साहेब इचारणारच की, हा म्हातारा माघारी येईल कशाला?”

कचेरीत बसलेले सगळे हसले. त्यांत माझे दोन जुने विद्यार्थी होते. मी उभा होतो. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

बोलणारे गृहस्थ आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावची निम्मी शेती त्यांच्या घराण्याची. माझ्या आईने त्यांच्या रानात जन्मभर मजुरी केली. त्यांच्या शाळेत मी निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षे गणित शिकवले. गाव मला गुरुजी म्हणते. अध्यक्ष माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ते मला ‘तू’ म्हणतात.

माझी मुलगी अमेरिकेत नर्स आहे. तिला मुलगी झाली. माझी पत्नी हयात नाही. नात पाहायला मी एकटाच उरलो होतो. व्हिसाचा अर्ज भरून देणारा नगरचा माणूस म्हणाला होता, “गुरुजी, तुम्ही परत येणार याला काहीतरी पुरावा लागतो. जमीन असली तर बरं.” जमीन नव्हती. म्हणून संस्थेकडून जुन्या नोकरीचा दाखला तरी मागावा, अशा हेतूने मी कचेरीत गेलो होतो.

हसून झाल्यावर अध्यक्ष उदार झाले. “बरं, लिहून देतो. माझी तीन एकर तू वाट्यानं करतोस. आमचाच माणूस हायेस तू.”

मी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. ती जमीन मी कधी कसली नव्हती, तरी खाली सही केली. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाला मी कधी सोडले नव्हते. एका मुलाच्या बापाने पाय धरले, तरी नाही.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. काचेपलीकडे तरुण अधिकारी. शेजारी दुभाषी बाई.

“शेतात काय घेता, काका?”

“ज्वारी.”

“गेल्या वर्षी तुमच्या वाट्याला किती आली?”

ज्वारी मला ठाऊक होती. लहानपणी आईच्या मागोमाग मी ती उपटली होती. काढणीची मजुरी पेंढ्यांत मिळे. किती पेंढ्यांमागे आमची एक, हे मला पाठ होते. पण वाटेकऱ्याच्या घरी किती पोती उतरतात, हे आमच्या घराने कधी पाहिले नव्हते. गणिताचा शिक्षक, आणि एक आकडा सांगता येईना. “दहा पोती,” म्हणालो. मग म्हणालो, “वीस.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते. पासपोर्ट परत आला. सोबत नकाराचा छापील कागद.

गावात मी सांगितले, तारीख पुढे गेली. हेही खोटेच.

वर्ष गेले. नात चालू लागली, ते मी मोबाईलवर पाहिले. मुलगी म्हणाली, “आप्पा, पुन्हा अर्ज करा.” नव्या अर्जात प्रश्न होता : पूर्वी व्हिसा नाकारला आहे काय? कारण लिहा.

तोवर नकार मिळाल्याचे गावाला कळले होते. अध्यक्षांनी बोलावून घेतले.

“आमचा कागद असून तुला हाकललं? लई झालं हे. आता पाच एकर लिहू.”

“नको, साहेब. तो कागद खोटा हुता. अर्जात मी तसं लिहिनार हाय.”

“माझं नाव घालशील?”

“व्हय. तुमचं आन् माझं, दोन्ही.”

“आमच्या भाकरीवर वाढलास, मास्तर.”

“न्हाई. आईच्या मजुरीवर.”

कोणी हसले नाही. मी बाहेर पडलो.

अर्ज भरून देणाऱ्या नगरच्या माणसाने हात थांबवला. “गुरुजी, हे लिहिलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. कागद कमी पडले, असं टाकू.”

“मी सांगतो तेच लिही.”

त्याने लिहिले. मागील अर्जासोबतचा शेतीचा कागद खोटा होता. तो अध्यक्षांनी दिला, मी जाणूनबुजून सही केली. मला जमीन नाही. कधीच नव्हती.

मुलीला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, “आप्पा, एकदा तिला मांडीवर तरी घेतलं असतंत.” मी अर्ज तसाच पाठवला.

सोमवारी मुलाखत आहे. नकार मिळाला, तर गावात नकार मिळाला असेच सांगेन, आणि कारणही सांगेन. नात भेटणे माझ्या हातात नाही. पण कोणाचा माणूस म्हणून मी तिच्यापुढे उभा राहणार नाही. जाईन तर मजूर बाईचा मुलगा म्हणून. नाहीतर जाणार नाही.