घासलेलं नाव

परवा वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना एक लेख वाचला. युरोपातल्या छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या ज्यूंची घरं, दुकानं, भांडीकुंडी दुसऱ्यांच्या ताब्यात कशी गेली होती आणि ती परत मागायला गेल्यावर सरकारांनी त्यांच्याकडेच कसे कागद मागितले, असं त्यात होतं. ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही त्यांचं बेवारस म्हणून सरकारजमा झालं म्हणे. शेजारी बसलेले गृहस्थ हळहळले. त्या लोकांवर जे गुदरलं त्याच्यापुढे आमचं काहीच नाही, हे मला कळतं. तिथे घरंच्या घरं संपवली गेली. पण टेबलामागे बसून कागद मागणारा तो इसम मी ओळखला. सत्तरच्या दशकात तो आमच्या तालुक्याच्या कचेरीत बसायचा आणि टाचणीने कान कोरायचा.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वस्तीवर गाव चालून आलं. मी सात वर्षांची होते. आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, आणि जुन्या जातीच्या नावाने कुणी हाक मारली तर ओ देणं बंद केलं होतं. एवढंच कारण. घरं फोडली, सामान नेलं, उरलेलं पेटवलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजूला मामाच्या गावी आलो आणि तिथलेच झालो. वडील दोन वर्षांत गेले. मधल्या काळात पोलिसांनी काही घरांतून आमचं सामान जप्त केलं, पंचनामा झाला, खटला चालला, साक्षीदार फुटले, सगळे सुटले. कोर्टाने आमच्या बाजूची एकच ओळ लिहिली. मुद्देमाल मूळ मालकास परत करावा.

आईच्या नावावर तीन वस्तू होत्या. एक घोंगडी, दोन पितळी ताटं आणि एक तांब्याचा गुंड. पाणी भरायच्या मोठ्या भांड्याला आमच्याकडे गुंड म्हणतात. आमच्या बायांनी मातीच्याच मडक्याने पाणी भरावं असा त्या गावाचा दंडक होता, आणि तरीही माझ्या आजोबांनी लेकीच्या लग्नात कारंजाच्या बाजारातून तांब्याचा गुंड आणला. दुकानदाराकडून त्याच्या गळ्यावर टिंबाटिंबांनी तिचं नाव घालून घेतलं. आईला वाचता येत नव्हतं. पण ती टिंबं बोटाने चाचपून हे माझं नाव आहे, असं ती सांगायची. घर गेल्याचं तिने मनाला लावून घेतलं नाही, गुंडाचं मात्र घेतलं.

त्या गुंडासाठी ती चौदा वर्षं कचेरीत गेली. साहेब दौऱ्यावर आहेत, किल्ली सापडत नाही, फाईल वर गेली आहे, पुढच्या महिन्यात ये. मजुरी बुडवून एसटीने जायचं आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचं. मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा ठरवलं, की आता मीच तिच्याबरोबर जाणार. शिकलेल्या माणसाशी हे लोक नीट बोलतील अशी माझी समजूत होती. नव्या नोकरीची मस्ती होती, दुसरं काय.

कारकुनाने माझा अर्ज हातात घेतला नाही. टेबलावर ठेवायला लावला आणि पट्टीने स्वतःकडे ओढला. मला तो तुम्ही म्हणाला, माझ्या देखत आईला तू म्हणाला. मग त्याने रजिस्टर काढलं. घोंगडी उंदरांनी खाल्ली होती. पितळी ताटं कुणी खाल्ली ते त्याने सांगितलं नाही. गुंड शिल्लक आहे, पण अडचण आहे, असं म्हणून त्याने अर्जातल्या एका ओळीवर पट्टी ठेवली. मी धर्म बौद्ध लिहिला होता. रजिस्टरात मूळ मालक म्हणून आईच्या नावापुढे जुनी जात लिहिलेली होती.

"रजिस्टरातली बाई येगळी, अर्जातली येगळी," तो म्हणाला. "मी कोनाले देऊ?"

बाई एकच आहे, समोर उभी आहे, हे मी तीन प्रकारे सांगून पाहिलं. त्याने पानाची पिंक खिडकीबाहेर टाकली आणि उपाय सुचवला. जुनी जात घालून नवा अर्ज करा, खाली आईचा अंगठा द्या, आत्ताच्या आत्ता गुंड घेऊन जा. हे तो उपकार केल्यासारखं बोलत होता. ज्या शब्दाला ओ दिली नाही म्हणून आमची घरं पेटवली, तोच शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिला की सरकार आमचं भांडं परत देणार होतं. तो शब्द मी इथेही लिहिणार नाही.

मी आईकडे पाहिलं. खरं सांगते, लिहून टाकावं असं मला वाटून गेलं. एक शब्द तर होता. चौदा वर्षं तिच्या डोळ्यासमोर दुसरं काही नव्हतं. आईने विचारलं, काय लिवाचं म्हणून राह्यला? मी सांगितलं. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

उन्हाळ्याचे दिवस होते. व्हरांड्यात तीन पायांच्या तिकाटण्यावर ओलं लाल फडकं गुंडाळलेलं पाण्याचं भांडं होतं. चपराशी साहेबांना त्यातून पेल्याने पाणी देई आणि आमच्यासारख्यांच्या ओंजळीत वरून ओते. आईने ओंजळ पुढे केली आणि तशीच थांबली. भांड्याच्या बुडाशी, एरवी खालपर्यंत असणारं फडकं त्या दिवशी वर सरकलं होतं तिथे, एक पोचा होता. लग्नाच्या वरातीत मामाच्या हातून बैलगाडीवरून पडून आलेला. तिने फडकं खाली सरकवलं आणि गळ्यावरून बोट फिरवलं. मी जवळ गेले. टिंबं स्पष्ट होती.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती आत गेली आणि कारकुनासमोर उभी राहिली. त्याच्या हातात अर्धा पेला पाणी होतं.

"माहा गुंड सापडला," ती म्हणाली. "तुमी त्यातलंच पानी पिऊन राह्यले. आता त्या पान्याची जात कोनती, थे तुमीच लिवा."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग तो उठला, मागच्या मोरीवर गेला आणि चुळा भरू लागला. खळखळून, घशात बोट घालून. किती वर्षं तो ते पाणी पीत होता कोण जाणे. दुसऱ्याच्या घरचं भांडं वापरल्याची त्याला लाज नव्हती, ते कुणाच्या घरचं होतं याची त्याला ओकारी आली. त्या आवाजाची किळस अजून माझ्या अंगावरून गेलेली नाही. मी आईचा हात धरून तिला एसटी स्टँडवर आणलं. वाटेत ती एवढंच म्हणाली की तहान तशीच राहिली.

आठव्या दिवशी चपराशी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून आमच्या दारात आला. पोत्यात गुंड होता. आता कसला अर्ज नको होता, अंगठाही नको होता. मीच विचारलं, पोचपावतीवर सही कुठे करायची? तो खाली बघत म्हणाला, "सही नोको, बाई. वस्तू बेवारस होती, मोडीत काढली, असं रजिस्टरात लिवलं. तुमी कोनाले सांगजा नोको."

आईने गुंड मांडीवर घेतला. पोचा पाहिला. मग सवयीने बोट गळ्यावर नेलं, एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. नाव नव्हतं. कानशीने घासून काढलं होतं. तेवढा पट्टा नव्या पैशासारखा चकाकत होता. बेवारस लिहिलेल्या भांड्यावर नाव असून कसं चालेल? सरकारी काम ते, नीट केलं होतं.

"मी जित्ती हाव," आई चपराशाला म्हणाली. "मंग बेवारस कसा?" त्याने पोत्याची घडी केली आणि पाणीही न मागता निघून गेला. त्याला आम्ही विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, वाशीमला नेऊन पुन्हा नाव घालून आणते, दहा मिनिटांचं काम आहे. आईने गुंड चिंचेने लख्ख घासला होता आणि घासलेला पट्टा रस्त्याकडे करून दाराशी ठेवला होता.

"नोको," ती म्हणाली. "ज्यायनं पुसलं, त्यायनंच टाकावं."

ती असेपर्यंत तो तसाच दाराशी राहिला. आता माझ्याकडे आहे. तो पट्टाही काळवंडला, बाकीच्या तांब्यासारखाच दिसतो. बोट फिरवलं तर मात्र तेवढी जागा गुळगुळीत लागते. नाव टाकायला अजून कुणी आलेलं नाही.