आत्याचा गॉगल आणि पिनांची गन

आमची आत्या जेवतानाही गॉगल लावायची. काळा नव्हे, पारदर्शक, दोन्ही बाजूंनी बंद असलेला. यवतमाळात तिचं सोफे दुरुस्त करायचं दुकान होतं. हवेवर चालणाऱ्या गनने ती लाकडावर रेक्झिन ठोकायची. पिन कधी उलटी उडेल याचा नेम नाही, म्हणून गॉगल. तो काढायची आठवण तिला राहत नसे. नात्यातल्या लग्नांच्या फोटोंत ती लगेच सापडते.

मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आपल्याला सगळं जमतं असा माझा समज होता. मी गन मागितली तेव्हा तिने एक फळकूट दिलं. "पहिले याच्यावर मार. गनचं तोंड लाकडाले पुरं टेकव, मंग घोडा दाब. अन् दुसरा हात दूर." पिन अर्धी वर राहिली तर हवा कमी, रेक्झिन फाटलं तर जास्त. माझ्या फळकुटावर दोन्ही प्रकार एकाच ओळीत होते.

तिचा मुख्य नियम वेगळाच. पिन अडकली, कुणी आलं, चहा आला, की आधी गनचा हवेचा पाइप काढायचा. मी परीक्षेला निघालो तरी ती सवयीने विचारायची, "पाइप काढला का?" मी हो म्हणायचो. वाद घालण्यात पेपर गेला असता.

पुढे तिला मोतीबिंदू झाला. डॉक्टर उशीर नको म्हणत होते, पण ती ऑपरेशन टाळत राहिली. "दुकान बंद राह्यलं का गिऱ्हाईक दुसरं दार पाह्यते." मी चाचरत म्हणालो, "मी सांभाळतो." तिने परीक्षा म्हणून एका मुलीच्या आंदणाचा सोफा माझ्या हाती दिला. शेवटची पिन मी सोफ्यावर बसूनच, रेक्झिनसोबत स्वतःच्या शर्टातून मारली. नेमके तेव्हाच मुलीचे वडील टेम्पो घेऊन आले.

"उठा न बापू, सोफा उचलू द्या."

"बसतो जरा," मी म्हणालो.

आत्याने हात फिरवून शर्ट चाचपला आणि गंभीरपणे सांगितलं, "कॉलेजात शिकते तो. बसून मजबुती पाह्यते. तुम्ही चहा घेऊन या, भाऊ."

ते गेल्यावर तिने आधी पाइप काढला, मग पिन. "शर्ट फाटला तं फाटला. पण गन मांडीवर, बोट घोड्यावर अन् पाइप तसाच लागून. काहून रे?" त्यानंतर मात्र मी पाइप विसरलो नाही. दोनदोनदा तपासायचो. अखेर आत्या माझ्या पिनांच्या ओळीवर बोटं फिरवून म्हणाली, "जमते तुले," आणि ऑपरेशनसाठी लेकीकडे वणीला गेली.

लेकीने तिला तिकडेच ठेवून घेतलं. ती परत आली ती सामान न्यायला, काळा गॉगल लावून. दारातच तो वर सरकवला आणि मी नुकत्याच केलेल्या सोफ्याची पाठ पाहिली. तिथली पिनांची ओळ घाटातल्या रस्त्यासारखी गेली होती.

"दिसत नव्हतं तेच बरं होतं," ती म्हणाली.

तिने माझे दोन्ही हात धरले, पालथे केले, उताणे केले, एकेक बोट दाबून पाहिलं. मग आपला जुना पारदर्शक गॉगल पिशवीतून काढून माझ्या डोक्यावर चढवला.

"बोटं हायेत सारे," आत्या म्हणाली. "सोफा उसवता येते."